बेथलेहेमची सुईण

मरीयेचं बाळंतपण कुणी केलं, हा माझ्या आजीचा प्रश्न होता.

दर नाताळाला ती तो विचारायची. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी तेव्हा चर्चची इमारत नव्हती. नगरहून उपदेशक यायचे, आमच्याच अंगणात घोंगडी अंथरली जायची आणि कंदिलाच्या उजेडात लूकच्या शुभवर्तमानातला ख्रिस्तजन्माचा भाग वाचला जायचा. नावनिशी, लांबचा प्रवास, उतारशाळेत न मिळालेली जागा, बाळंत्यात गुंडाळलेलं लेकरू, गव्हाण. आजीला अक्षर येत नव्हतं, पण गोष्ट तोंडपाठ होती. वाचन संपलं की ती पदर सावरून म्हणायची, "समदं खरं हाय. पर उपदेशक, कळा आल्या तवा तिच्याजवळ बाई कोण व्हती?" शास्त्रात ते लिहिलेलं नाही, असं उपदेशक शांतपणे सांगायचे. आजीचं समाधान व्हायचं नाही. "गावात बाई अडली अन् एक बी बाई धावून आली न्हाई, असं गाव नसतंय," ती म्हणायची.

हे ती अधिकारानं बोलायची, कारण ती गावची सुईण होती. मांग समाजातल्या बायांकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अपरात्री कुणी हाक मारली की ती निघायची. बाळ बाहेर आलं की तिचं काम संपत नसे. वार पडेपर्यंत ती बाळंतिणीजवळून हलत नसे, मग नाळ कापायची, घंगाळातल्या पाण्यात कोपर बुडवून ते सोसण्यासारखं आहे का ते पाहायची आणि लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. गावातल्या बहुतेक सगळ्यांना या जगातला पहिला स्पर्श तिच्या हातांचा झाला होता. पुढे त्याच हातांचा त्याच घरांना विटाळ व्हायचा. ती जिथं बसली असेल तिथं गोमूत्र शिंपडलं जायचं, आणि मोबदल्याचे जोंधळे तिच्या ओट्यात वरून टाकले जायचे. आजी हे सांगताना रडत नसे. "लेकराला कुटं ठावं असतंय हात कुणाचा हाय ते," एवढंच म्हणायची.

मी नर्स झाले आणि बत्तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी प्रत्येक नाताळाच्या उपासनेत गव्हाणीचा उल्लेख आला की माझ्या कानात तिचा प्रश्न वाजायचा. निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीतल्या काही लोकांबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला नाव नोंदवलं, तेव्हा बाकीच्यांनी यार्देनचं पाणी आणायला बाटल्या घेतल्या. मी आजीचा प्रश्न घेतला.

हे २०१९ च्या डिसेंबरचं. मुंबईहून अम्मान, आणि दुसऱ्या दिवशी नबो पर्वत. मोशेनं वचनदत्त देश दुरून पाहिला तो हा डोंगर. सगळे पश्चिमेकडे बघत होते, धुक्यात यरीहो दिसतं का ते शोधत होते. मी मात्र पायाखालच्या जमिनीकडे पाहत राहिले, कारण हा मवाब, रूथचा देश. नवरा मेल्यावर ती तरणी विधवा सासूचा हात धरून इथूनच बेथलेहेमला निघाली होती. परक्या मुलखात पोट भरायला तिला सरवा वेचावा लागला. कापणी झालेल्या रानात मागे राहिलेली कणसं वेचणं म्हणजे सरवा, हे मला बायबलात वाचून कळलं नव्हतं. मी लहानपणी आजीबरोबर तो वेचलेला आहे. कडक धसकटांनी पिंढऱ्या ओरबाडतात आणि संध्याकाळी ओट्यात जेमतेम दोन भाकरींचे जोंधळे जमतात.

त्या रूथचीच गोष्ट बसमध्ये पुन्हा वाचून काढली आणि शेवटच्या अध्यायाशी थबकले. रूथला दुसऱ्या नवऱ्यापासून, बवाजापासून मुलगा झाला, तेव्हा बेथलेहेमच्या बायका तिच्या सासूभोवती, नामीभोवती जमल्या. देवाचे आभार मानले, आणि बाळाला ओबेद हे नाव ठेवलं ते या शेजारणींनी. ओबेदचा नातू दावीद. मत्तयनं दिलेल्या येशूच्या वंशावळीत रूथचं नाव आहे. म्हणजे बेथलेहेम हे कसलं गाव आहे ते शास्त्रानंच सांगून ठेवलंय: परक्या बाईला मूल झालं तरी शेजारणी धावत येतात असं. इतकी वर्षं हे माझ्या नजरेतून कसं निसटलं, कळत नाही.

नदीवरचा पूल ओलांडून आम्ही यरीहोमार्गे यरुशलेमला पोचलो. तिथल्या दोन दिवसांबद्दल इथं लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी बेथलेहेम. अंतर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे आमच्याकडे एका गावच्या बाजाराहून दुसऱ्या गावच्या बाजाराला जावं तेवढं. पण मध्ये काँक्रीटची आठ मीटर उंच भिंत आहे आणि तपासणी नाका आहे. आम्ही परदेशी यात्रेकरू, बस थोडी थांबून पुढे गेली. दुसऱ्या दिशेनं कामाला निघालेली माणसं लोखंडी पिंजऱ्यासारख्या वाटेतून पायी जात होती.

नाक्याजवळच राहेलची कबर. भिंतीनं तिला असा वळसा घातलाय की बेथलेहेमच्या बाजूनं तिथं जाताच येत नाही. याकोबाची बायको राहेल या वाटेवर बाळंत होताना गेली. उत्पत्तीच्या पुस्तकात त्या प्रसंगात तिच्याजवळ एक सुईण आहे. तिला नाव नाही. मरणाच्या दारातल्या बाईला ती धीर देते, भिऊ नकोस, हाही मुलगाच आहे म्हणते. पुढे बन्यामीन नावानं ओळखला गेला तो हा मुलगा. आयुष्यात चार वेळा माझ्या डोळ्यांदेखत आई गेली आणि बाळ राहिलं. तेव्हा काय बोलावं हे कुठल्याच पुस्तकात नसतं. मी भिंतीकडे तोंड करून बसमध्येच डोळे मिटले आणि त्या नाव नसलेल्या सुईणीसाठी देवाचे आभार मानले.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर. अरबी लोक त्याला बेत लहम म्हणतात, म्हणजे मांसाचं घर. गाव डोंगरावर आहे, डिसेंबरात बोचरी थंडी असते. चढाच्या गल्लीत एका भट्टीपुढे बायका उभ्या होत्या आणि गरम भाकरींचा वास थेट आमच्या चुलीपाशी घेऊन गेला. मी भट्टीवाल्याला सवयीनं "सलाम" म्हटलं. नगरकडचे आम्ही ख्रिस्ती एकमेकांना सलामच करतो. जय ख्रिस्त वगैरे अलीकडचं. त्यानंही छातीवर हात ठेवून "सलाम" म्हटलं, आणि पुढे बरंच काही अरबीत बोलला. मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. भाकरीचे पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत.

जन्मस्थानाच्या चर्चचं दार फार लहान आहे, सव्वा मीटरच्या आतबाहेर. वर भिंतीत आधीच्या मोठ्या दाराची तुळई आणि नंतरच्या कमानीची रेघ अजून दिसते. घोडी-गाड्या आत घालून लुटालूट होऊ नये म्हणून दार बुजवत बुजवत इतकं लहान केलं असं सांगतात. याला नम्रतेचं दार म्हणतात, देवापुढे राजालाही वाकावं लागतं म्हणून. आमच्याबरोबरच्या पाळकसाहेबांनी तिथं त्यावर छोटं प्रवचन दिलं. माझ्या मनात वेगळंच आलं. आजीच्या खोपटाचं दार एवढंच होतं. दगडाचा खर्च नको, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. त्या दारातून आम्ही रोज वाकूनच ये-जा करत होतो आणि त्यात आम्हाला काही शिकवण दिसली नव्हती, ते आपल्या घराचं दार होतं. मी आत शिरले तेव्हा नम्र झाले म्हणून वाकले नाही. घरात शिरताना वाकतात तशी वाकले.

आत ४४ खांबांचं विशाल दालन. मूळ चर्च चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी बांधलं गेलं आणि आजचं सहाव्या शतकातलं, जस्टिनियनच्या कारकिर्दीतलं. नुकत्याच झालेल्या दुरुस्तीमुळे भिंतींवरची सोनेरी मोझेकची चित्रं लखलखत होती. लोकांच्या माना वर होत्या. रांग सरकत सरकत वेदीच्या बाजूच्या जिन्यानं खाली गुहेत उतरते. गुहा लांबट, सुमारे बारा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. एका टोकाला संगमरवरी फरशीत चौदा टोकांची चांदीची चांदणी जडवली आहे, वर दिवे टांगलेले. कुणाचे दिवे किती, कुणी कुठे झाडू मारायचा, हे ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिक या तीन पंथांत ठरलेलं आहे. १८४७ मध्ये इथली चांदणी चोरीला गेली, आणि या पवित्र जागांवरच्या हक्काचा वाद वाढत वाढत क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांपैकी एक होऊन बसला. हे आठवलं की काळजात कळ उठते.

माझी पाळी आली. गुडघे टेकून चांदणीवर तळहात ठेवला. दगड गार असेल असं वाटलं होतं, पण सकाळपासून हजारो हातांनी तो कोमट झाला होता. मागून कुणी नायजेरियन बाई हुंदके देत होती, तिच्या मागं फिलिपिन्सचं टोळकं, त्यामागं आमची नगरची मंडळी. दहा-पंधरा सेकंदच मिळाले. एवढ्या वेळात मी प्रार्थना अशी केलीच नाही. आडव्या झोपलेल्या बाईला इथं जागा किती मिळाली असेल, उजेड कुठून येत असेल, पाणी कुठं तापवलं असेल, हेच पाहत राहिले. पलीकडे दोन-तीन पायऱ्या उतरून गव्हाणीची जागा आहे. तिथं उभं राहिल्यावर डोळे भरून आले. देव गव्हाणीत निजला हे आयुष्यभर ऐकलं होतं. पण चांदणीपासून गव्हाणीपर्यंत चार पावलं आहेत. ही चार पावलं बाळाला कुणीतरी हातांवर घेऊन चालत गेलं असणार.

आमचा वाटाड्या शेजारच्या बेत साहूरचा ख्रिस्ती गृहस्थ होता. बाहेर आल्यावर मी त्याला आजीचा प्रश्न विचारला. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "तुमच्याकडे गोठा घरापासून लांब असतो का?" मी सांगितलं, गरिबाचा नसतो. आमच्या खोपटात शेळ्या आमच्याच खोलीत, दोन हातांवर बांधलेल्या असायच्या, हिवाळ्यात त्यांच्या अंगाची ऊब लागायची. तो म्हणाला, मग तुम्हाला समजेल. इथली जुनी घरंही अशीच, कित्येक गुहेला लागून बांधलेली. माणसं जरा उंच ओट्यावर, जनावरं त्याच खोलीत खाली, आणि दोहोंच्या मध्ये दगडात कोरलेली गव्हाण. लूकनं वापरलेला जो ग्रीक शब्द आपण उतारशाळा म्हणून वाचतो, तोच शब्द त्यानं शेवटच्या भोजनाच्या वेळी घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठी वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या धर्मशाळेसाठी त्याचा शब्द वेगळा आहे. केनेथ बेली या अभ्यासकानं आयुष्याची कितीतरी वर्षं मध्यपूर्वेत काढून हेच मांडलं: पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून त्या जोडप्याला घरच्यांनी आपल्या राहत्या खोलीत घेतलं. योसेफ दावीदाच्या कुळातला, हे त्याच्या कुळाचं गाव. इथं त्याला दार कोण बंद करेल? आणि ते मेंढपाळ? बाळंतीण उघड्यावर पडलेली दिसली असती, तर त्यांनी तिला उचलून आपल्या बायकांच्या हवाली केलं असतं, असं वाटाड्या म्हणाला. मला आमच्या रानात वाडा टाकून बसणारे धनगर आठवले. त्यांनीही हेच केलं असतं.

सगळे विद्वान याच्याशी सहमत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ते ऐकताना माझ्या छातीवरचं एक जुनं ओझं हललं. देवाच्या लेकराला माणसांनी दारं लावून घेतली आणि नाइलाजानं तो जनावरांत जन्मला, असंच मी समजत आले होते. गव्हाण म्हणजे अपमान. आता गव्हाण म्हणजे शेळ्यांची ऊब असलेली आजीची खोली झाली. देव गरिबांच्या घराबाहेर जन्मला नव्हता. त्यांनी त्याला सरकून जागा करून दिली होती.

चर्चला लागूनच संत कॅथरीनचं चर्च आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस रोमहून पोपमहाशयांनी गव्हाणीच्या लाकडाचा मानला जाणारा एक लहानसा तुकडा इथं परत पाठवला होता, त्यापुढे गर्दी होती. मी खाली जेरोमच्या गुहेत गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस इथं येऊन राहिलेल्या या विद्वानानं हिब्रू शास्त्र लोकांच्या लॅटिन भाषेत उतरवलं. मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांनीही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये त्यांचं बायबल त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. म्हणून जेरोमबद्दल मला आदर आहे. पण आजीच्या प्रश्नाला त्याचं उत्तर सरळ आहे: तिथं सुईण नव्हती, मरीया स्वतःच आई आणि स्वतःच सुईण. बाळाला तिनंच गुंडाळलं असं लूक लिहितो, त्याचा आधार तो घेतो. ही गोष्ट त्याच्याही आधीपासून वादाची होती, कारण दुसऱ्या शतकातल्या, नव्या करारातल्या याकोबाच्या नावावरच्या एका ग्रंथात गुहा आहे आणि योसेफानं शोधून आणलेली सुईणही आहे. तो ग्रंथ बायबलात नाही. जेरोमला तसल्या कथा मान्य नव्हत्या.

मी त्या गुहेत उभी राहून मनातल्या मनात त्या थोर माणसाला म्हटलं, बाबा, तुम्ही ग्रंथ पुष्कळ पाहिलेत, बाळंतपण पाहिलेलं नाही. देवानं खरोखर देह घेतला असेल, आणि माझा तसा पूर्ण विश्वास आहे, तर त्याला नाळ होती. ती कुणीतरी कापली. तो कुणाच्या तरी ओंजळीत पडला.

दुपारी गव्हाण चौकातल्या एका दुकानात जैतुनाच्या लाकडाच्या मूर्ती बघत होते. कोपऱ्यात ग्रीक पद्धतीची एक लहान पाटी टांगलेली, ख्रिस्तजन्माच्या चित्राची. मध्ये गुहेत आडवी झालेली मरीया, शेजारी गव्हाणीत बाळ, बैल, गाढव. एका बाजूला गालाला हात लावून बसलेला योसेफ. आणि खाली, अगदी कडेला, दोन बाया. एक उंच भांड्यातून पाणी ओततेय. दुसरीनं उघड्या बाळाला मांडीवर घेतलंय आणि हात घंगाळात बुडवलाय. पाणी किती ऊन आहे ते पाहतेय.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही. दुकानदारानं सांगितलं की पूर्वेकडच्या मंडळ्यांत हे चित्र शेकडो वर्षं असंच काढतात, या दोघी त्यात बहुतेक असतात. त्या कोण, असं विचारल्यावर त्यानं बोट ठेवून एकच शब्द उच्चारला: "दाया." मी पुन्हा विचारलं. "दाया, दाया," तो म्हणाला आणि पोटाशी हात नेऊन मूल झेलल्याची खूण केली. दाई! आमच्याकडचा शब्द इथं, याच गल्लीत, अजून चलनात होता. पाटी मी घेतली. किंमत माझ्या ऐपतीपेक्षा जास्त होती.

वाटाड्यानं मग आपणहून आणखी एक गोष्ट केली. चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर होली फॅमिली हॉस्पिटल आहे. ऑर्डर ऑफ माल्टा ही कॅथलिक संस्था १९९० पासून तिथं प्रसूतिगृह चालवते. या परिसरातल्या बहुतेक बायका तिथंच बाळंत होतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुसलमान आहेत. वाळवंटातल्या बदूइन वस्त्यांपर्यंत त्यांचा फिरता दवाखाना जातो. आम्ही फक्त दारापर्यंत गेलो. आतून येणारा फिनाइलचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास मला डोळे मिटूनही ओळखता आला असता. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या एका सिस्टरला मी सलाम केला आणि वाटाड्यामार्फत सांगितलं की मीही हेच काम केलं, माझी आजीही दाया होती. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे करून तळवे पाहिले. सतत धुवून धुवून आमचे हात कसे होतात ते आम्हालाच माहीत. तिचेही तसेच होते. त्या दिवशी किती, मी बोटांनी विचारलं. तिनं सहा दाखवले.

२०२३ च्या डिसेंबरात गाझातल्या युद्धामुळे बेथलेहेमनं नाताळचा उत्सव केला नाही. चौकात झाड उभारलं नाही, दिवे लावले नाहीत. तिथल्या ल्यूथरन चर्चनं ढिगाऱ्याच्या दगडांत बाळ येशूला ठेवलं होतं. ते छायाचित्र मी वर्तमानपत्रातून कापून ठेवलंय. ते पाहताना मला त्या सिस्टरचे हात दिसतात. उत्सव नव्हता, पण बाया अडत असणारच आणि तिला हाक येत असणारच.

२०१९ मध्ये त्या यात्रेहून परतले तेव्हा नाताळला पंधरा दिवस होते. आमच्या चर्चच्या अंगणात दरवर्षीप्रमाणे पोरांनी गोठा करायला घेतला होता. गवत, पुठ्ठे, वर कागदी चांदणी. मूर्ती पुऱ्या पडत नाहीत म्हणून दिवाळीच्या किल्ल्यातली मातीची चित्रं पोरं शेजाऱ्यांकडून मागून आणतात. त्यात मावळा येतो आणि मेंढपाळ होऊन उभा राहतो. मी डब्यात हात घालून एक बाई शोधून काढली. नऊवारी नेसलेली, कमरेवर घागर, एका हाताचा रंग उडालेला. ती मरीयेच्या पायांशी ठेवली.

सात-आठ वर्षांचा एक पोरगा गवत पसरत होता. "ही कोण, आजी?"

"सुईण," मी म्हटलं. "बाळाला न्हाऊ घालणारी."

त्यानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिला उचललं, गव्हाणीच्या अगदी कडेला नेऊन टेकवलं आणि म्हणाला, "एवढ्या लांबून तिचे हात पोचणार नाहीत."